मागात बोट गेले, स्टॅम्पपेपरवर सही झाली. भरपाईचा हक्क उरतो का?

वाचकांचे प्रश्न : कामावर झालेली दुखापत

प्रश्न : माझे यजमान सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. कारखान्यात सगळे मिळून सात कामगार आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये रात्रपाळीत तुटलेला धागा जोडताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दातेरी चाकात सापडली आणि तिची दोन पेरी काढावी लागली. मालकांनी दवाखान्याचे 22 हजार भरले, घरी 10 हजार दिले आणि ‘आता काही येणे राहिले नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. यजमान मराठी बोलतात, पण वाचता त्यांना तेलुगूच येते. भरपाईचा विषय काढला की मालक म्हणतात, चूक तुमच्याच माणसाची होती, शिवाय त्याच्या अंगावर 30 हजारांची उचल आहे, ती आम्ही यात वळती करून घेतली. यजमानांचे वय 40 आहे आणि आठवड्याची मजुरी धरून महिन्याला सरासरी 14 हजार पडतात. आता काही करता येईल का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, करता येईल, आणि अजून वेळही गेलेली नाही. आपल्या यजमानांचा अपघात 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीचा आहे. त्या तारखेपासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. परंतु भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होतो, म्हणून आपल्या प्रकरणाला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदाच लागू होईल. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे सप्टेंबर 2027 पर्यंत दाखल करता येतो; तथापि साक्षीदार काम सोडून गावी जातात आणि हजेरीची वही जुनी होते, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नये.

प्रथम स्टॅम्पपेपरविषयी, कारण बहुतेक कुटुंबे त्या एका सहीमुळेच गप्प बसतात. कायद्याच्या कलम 17 नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा कोणताही करार, तो मुद्रांकावर असो वा साध्या कागदावर, तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. ठरावीक रकमेवर तडजोड करायचीच असेल, तर तिचे निवेदन कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे (म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) पाठवून नोंदवावे लागते, आणि रक्कम अपुरी आहे किंवा सही फसवून वा दडपणाखाली घेतली आहे असे दिसल्यास आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. आपली तडजोड नोंदवलेलीच नाही, त्यामुळे मालकांवरील पूर्ण जबाबदारी कायम आहे. इतकेच नव्हे, तर आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही, तर घरी दिलेल्या 10 हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम त्यांना भरपाईतून वजा करता येणार नाही. उपचारावर केलेला खर्च तर भरपाईत मोजायचाच नसतो. 2009 च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे हे मालकाचे स्वतंत्र कर्तव्य आहे. दवाखान्याची काही बिले आपण स्वतः भरली असतील, तर तीही मागावीत.

उचलीचे उत्तर कलम 9 मध्ये आहे. भरपाईची रक्कम कोणत्याही येण्यापोटी वळती करता येत नाही. उचल खरी असेल तर ती वसूल करण्याचा मार्ग निराळा आहे. कापलेल्या बोटाच्या पैशांतून ती फेडून घेण्याची मुभा कायदा देत नाही. आपल्या यंत्रमागांवर उचल ही जवळजवळ प्रत्येक कामगाराच्या गळ्यात असते, म्हणून हे वाक्य प्रत्येक मागवाल्याच्या घरी माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

राहिला चुकीचा प्रश्न. दुखापत कामाच्या ओघात आणि कामामुळे झाली एवढे पुरते. मालकाचा दोष दाखवावा लागत नाही. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडणे, किंवा सुरक्षेचे कडे अथवा जाळी मुद्दाम काढून टाकणे, आणि त्यामुळेच थेट अपघात होणे, एवढ्याच कारणांनी मालक सुटू शकतो, आणि ते त्यानेच सिद्ध करायचे असते. पहाटेच्या झोपेच्या वेळी धागा जोडताना हात थोडा पुढे जाणे ही फार तर निष्काळजी झाली, जाणूनबुजून केलेली आज्ञाभंगाची कृती नव्हे. त्या दातेरी चाकावर झाकण होते का, हे मात्र यजमानांना आणि त्या पाळीतल्या सोबत्यांना विचारून आताच लिहून ठेवावे.

आता रक्कम. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात (हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15 हजार आहे). वय 40 असता हा गुणक 184.17 आहे. 14 हजारांचे 60 टक्के 8,400, आणि त्याला गुणून 15,47,028 रुपये येतात. तर्जनीची दोन पेरी गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची 11 टक्के हानी धरली आहे, म्हणून भरपाई 1,70,173 रुपये होते. अपघातानंतर महिन्याभरात ती न दिल्यास 12 टक्के व्याज लागते, आणि विलंबाला रास्त कारण नसेल तर मालकांचे म्हणणे ऐकून आयुक्त भरपाईच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. मजुरी नगावर मिळत असल्यास मागील बारा महिन्यांच्या एकूण कमाईचा बारावा भाग हे मासिक वेतन समजतात. आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, मजुरी टिपून ठेवलेली वही, बँकेत रक्कम जमा होत असेल तर पासबुक, जे असेल ते जपून ठेवावे.

हे 11 टक्के अंतिमच मानावेत असेही नाही. धाग्याची गाठ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मारली जाते. उजव्या हाताची ती चिमूटच गेली, तर माणूस पूर्वीइतके माग सांभाळू शकत नाही. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून कमाईची हानी पूर्ण मानावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ठरवले. आपले प्रकरण तितके गंभीर नाही, पण यजमान आज किती माग चालवू शकतात आणि मजुरी किती घटली हे दाव्यात अवश्य मांडावे आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

दावा आपण राहता त्या भागातील आयुक्तांकडेही करता येतो. आपण स्त्री आहात आणि यजमान औद्योगिक कामगार, त्यामुळे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा आपल्या दोघांनाही हक्क आहे. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. कामावर घेतानाच कामगाराला भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा इंग्रजी, हिंदी किंवा राजभाषेत लेखी कळवण्याचे बंधन 2017 पासून मालकावर आहे. शहराच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत तेलुगू बोलली जाते, तिथे सोबत एक तेलुगू प्रतही द्यावी, एवढी माणुसकी सोलापूरच्या कारखानदारांनी दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : माझे गणवेश शिवण्याचे छोटे युनिट आहे, बारा कारागीर आहेत आणि कोणाचाही पगार 18 हजारांच्या वर नाही. 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर नव्या मदतनिसाचा तळहात कटिंग मशिनवर कापला. त्याचा तो कामाचा चौथाच दिवस होता. तो अठरा दिवस घरी होता. मी औषधपाणी केले. त्या दिवसांचा पगारही द्यावा लागतो का? राज्य कामगार विम्यात आमची नोंदणी नाही.
— एक लघुउद्योजक, सोलापूर

उत्तर : आपण स्वतःहून विचारले याचा आनंद वाटला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला राज्य कामगार विमा बंधनकारक आहे आणि वेतनाची मर्यादा दरमहा 21 हजार आहे, म्हणजे आपले युनिट त्यात येते. नोंदणी असती तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या दिवसांसाठी सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के रक्कम महामंडळाने दिली असती. चौथा दिवस असला तरी अडचण नव्हती, कारण आजारपणाच्या लाभासाठी लागते तशी आधीच्या वर्गणीची अट कामावरील दुखापतीला नाही. वर्गणीचा भारही मोठा नाही, वेतनाच्या 3.25 टक्के मालकाचे आणि 0.75 टक्के कामगाराचे.

मालकाने नोंदणी टाळली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ त्याला लाभ देऊन आपल्याकडून वसुली करू शकते. तेव्हा नोंदणी करावी, अपघाताची माहिती लेखी कळवावी, आणि तोवर त्या अठरा दिवसांचा पूर्ण पगार त्या मुलाला देऊन पोच घ्यावी. कमीत कमी किती देऊन भागेल हा हिशेब या ठिकाणी करू नये. त्याच्या बोटांची हालचाल पूर्ववत झाली नसेल, तर त्याला सोलापुरातील कामगार विमा रुग्णालयात तपासून घ्यावे, कारण हानी कायमची ठरल्यास त्याला आयुष्यभर मासिक लाभ मिळू शकतो. विमा लागू असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी 1923 च्या कायद्याची भरपाई वेगळी मागता येत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकांवर मात्र ती जबाबदारी थेट येते, म्हणून त्यांनी साधारण विमा कंपनीकडून कर्मचारी भरपाईची पॉलिसी घेतलेली बरी.

प्रश्न : मी सायझिंगमध्ये (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात) ठेकेदारामार्फत काम करतो. हात भाजल्यावर मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतात आणि ठेकेदार फोन उचलत नाही. कारखान्यात विमा नाही. मागायचे कोणाकडे?
— एक कामगार वाचक, सोलापूर

उत्तर : सायझिंग हाच त्या मालकाचा धंदा आहे आणि अपघात त्याच्याच आवारात झाला, त्यामुळे भरपाई थेट मालकाकडे मागता येते, ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा त्यांच्या आपसातला विषय आहे. दाव्यात दोघांचीही नावे घालावीत आणि नोटीस मालकाच्या कारखान्याच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवावी.