क्योतोतील सम्राटांच्या वास्तू पायी पाहण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

ओसाकातील प्रशिक्षण संपल्यावर तुला दोन दिवस मोकळे मिळणार आहेत आणि स्वतंत्र गाइड घेऊन जपानच्या सम्राटांशी निगडित वास्तू पायी फिरून पाहाव्यात असे तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र पत्रासोबत पाठवलेल्या आराखड्यात तू टोकियोचा राजवाडा, क्योतोचा राजवाडा, निजो किल्ला, आणि कात्सुरा व शुगाकुइन ही राजघराण्याची उपवने अशी पाच ठिकाणे दोन दिवसांत कोंबली आहेस, ते मला पटले नाही. टोकियो या वेळी सोडून दे. तेथील राजवाड्याचे पूर्व उद्यान १९६८ पासून सर्वांसाठी खुले आहे, आणि १६५७ च्या आगीत जळाल्यावर पुन्हा कधीही न उभारलेल्या मुख्य मनोऱ्याचा दगडी चौथरा तुला पुढे केव्हाही एकट्याने पाहता येईल. क्योतोचे तसे नाही. तेथे सांगणारे माणूस सोबत नसेल, तर पाहणाऱ्याच्या हाती एक रिकामे अंगण आणि काही बंद दालने एवढेच लागते.

याचे कारण आधी समजून घे, कारण गाइडकडून काय मागायचे तेही त्यावरच अवलंबून आहे. ७९४ मध्ये सम्राट कानमु यांनी राजधानी या जागी आणली आणि १८६९ मध्ये सम्राट मेजी टोकियोला स्थिरावले. मधल्या हजाराहून अधिक वर्षांत सम्राटांचा मान क्योतोत राहिला, पण सत्ता बराच काळ दुसऱ्यांच्या हाती होती. तोकुगावा घराण्यातील शोगुनांनी, म्हणजे सम्राटांच्या नावाने प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या सेनाधिपतींनी, १६१५ मध्ये दरबारासाठी जी नियमावली घालून दिली, तिच्या पहिल्याच कलमात सम्राटांनी मुख्यतः विद्याभ्यासात लक्ष घालावे असे सुचवले आहे. राज्यकारभार, सैन्य, खजिना हे सारे शोगुनांकडे. विधी, काव्य, बागा आणि चहागृहे एवढेच दरबाराकडे. क्योतोतील राजवाडे व उपवने या वाटणीतूनच घडली आहेत. म्हणून माझा आग्रह असा की, सुरुवात सम्राटांच्या राजवाड्यापासून न करता शोगुनांच्या निजो किल्ल्यापासून कर आणि तेथून चालत राजवाड्याकडे जा.

निजो किल्ला पहिले तोकुगावा शोगुन इएयासु यांनी १६०३ मध्ये बांधून घेतला, तो सम्राटांच्या शहरात शोगुनांचा ठसा असावा म्हणून. आतील निनोमारु प्रासादात सोनेरी पार्श्वभूमीवर रंगवलेले प्रचंड पाइन वृक्ष आणि वाघ आहेत. आलेल्या सरदाराची छाती दडपावी, हाच त्यांचा हेतू. (अनेक दालनांत आता प्रतिकृती बसवल्या आहेत आणि मूळ चित्रे आवारातील दालनात जपून ठेवली आहेत.) चालताना जमिनीतून चिवचिव ऐकू येते. ती चोर ओळखण्यासाठी मुद्दाम केलेली युक्ती आहे असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात फळ्यांखालच्या लोखंडी कड्या आणि खिळे एकमेकांवर घासल्याने तो आवाज येतो. याच प्रासादात १८६७ मध्ये शेवटचे शोगुन योशिनोबु यांनी सत्ता सम्राटांना परत करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे १८८४ मध्ये हा किल्ला सम्राटांच्या कुटुंबाचे उपनिवास झाला आणि १९३९ मध्ये शहराच्या ताब्यात आला.

हा सारा पालट एका दारावर दिसतो, आणि तेथे पाच मिनिटे थांबलास तर ती वाया जाणार नाहीत. प्रासादापुढच्या कारामोन दरवाजावर धातूची सोनेरी शेवंतीची फुले जडवलेली आहेत. शेवंती ही सम्राटांच्या घराण्याची मुद्रा. अलीकडच्या दुरुस्तीच्या वेळी कारागिरांना त्या शेवंतीखाली तोकुगावांच्या आओई पानांच्या मुद्रेच्या खुणा आढळल्या. दार तेच ठेवून त्यावरची खूण तेवढी बदलली होती. त्याच आवारातला होनमारु प्रासाद तर मूळचा किल्ल्याचा नव्हेच. राजवाड्याच्या परिसरातील कात्सुरा राजपुत्रांचे घर उचलून १८९३-९४ मध्ये ते येथे आणले गेले. सम्राट कोमेइ यांची बहीण काझुनोमिया शोगुन इएमोची यांच्याशी विवाह होण्यापूर्वी त्या घरात राहिली होती. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले आहे. त्याचे वेगळे आरक्षण मिळत असेल तर अवश्य घे.

तेथून राजवाड्याभोवतीच्या ग्योएन उद्यानाकडे अर्ध्या तासाच्या आत चालत पोहोचता येते, आणि हे अंतर टॅक्सीने कापू नकोस. आज जेथे झाडे आणि हिरवळ आहे तेथे दरबारी उमरावांची सुमारे दोनशे घरे होती. सम्राट टोकियोला गेले, त्यांच्यामागून उमराव गेले, घरे ओस पडली आणि १८७७ पासून ती जागा मोकळी करून उद्यान केले गेले. राजधानी उठून गेली म्हणजे काय होते, हे त्या मोकळेपणावरून जितके कळते तितके वाचून कळत नाही. पश्चिमेच्या हामागुरि दरवाजाच्या लाकडात १८६४ च्या चकमकीतील गोळ्यांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खोबणी आहेत. रुंद रस्त्यांवर जाड खडी पसरलेली आहे आणि तिच्यातून सायकलींच्या चाकांनी एकच अरुंद, घट्ट वाट पाडली आहे. स्थानिक माणसे तीच धरून जातात. समोरून सायकल आली की बाजूला हो. याच खडीसाठी जाड तळव्याचे बूट हवेत, कारण त्या दिवशी तुझा अर्धा वेळ तिच्यावरच जाणार आहे.

राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा गाइडला आवर्जून दाखवायला सांग. तो काटकोनात बांधलेला नाही, आत घेतलेला आहे. ईशान्य ही अशुभ दिशा मानली जाई, म्हणून कोपराच ठेवला नाही. तेथे वळचणीखाली लाकडाचे एक माकड बसले आहे, डोक्यावर दरबारी टोपी, खांद्यावर पूजेची काठी, आणि पुढे तारेची जाळी. रात्री ते सुटून खोड्या करत असे, म्हणून जाळी लावली अशी आख्यायिका आहे. ते पाहताना भिंतीलगतचा अरुंद चर ओलांडू नकोस, लगेच सूचनेचा भोंगा वाजतो.

आत प्रवेश विनामूल्य आहे, आणि २०१६ पासून वर्षभर आगाऊ अर्जाशिवाय जाता येते. सोमवार मात्र टाळ. इमारतींच्या आत कोणालाही सोडत नाहीत, सर्व काही अंगणातून पाहायचे असते, आणि येथेच गाइडची खरी परीक्षा होते. शिशिन्देन या मुख्य सभागृहापुढे पांढऱ्या खडीचे विस्तीर्ण अंगण आहे आणि पायऱ्यांच्या दोन बाजूंना एक चेरीचे व एक ताचिबाना नावाचे, संत्र्याच्या जातीचे झाड आहे. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसत, म्हणून चेरी त्यांच्या डावीकडे. तू समोर उभा राहशील तेव्हा ती तुझ्या उजवीकडे येईल. मेजी, ताइशो आणि शोवा या तिन्ही सम्राटांचे राज्यारोहण येथे झाले; येथे असणारे सिंहासन १९९० आणि २०१९ च्या सोहळ्यांसाठी टोकियोला नेण्यात आले होते. छप्पर कौलांचे नाही. हिनोकी वृक्षाची साल, झाड न तोडता सोलून, थरावर थर रचून बांबूच्या खिळ्यांनी ठोकलेली असते; छपराच्या कडेला ते थर वीतभराहून जाड दिसतात. सकाळचे निजोचे सोने डोळ्यांत ताजे असतानाच हे लाकूड, साल आणि खडी पाहा.

ही वास्तू किती जुनी, असा प्रश्न तुला पडेलच. आजच्या बहुतेक इमारती १८५५ च्या आहेत. १७८८ च्या आगीनंतर दरबाराने जुन्या नोंदी धुंडाळून प्राचीन हेइआन काळाच्या (क्योतो राजधानी झाल्यानंतरच्या पहिल्या काही शतकांच्या) पद्धतीने १७९० मध्ये राजवाडा उभारला, तो १८५४ मध्ये जळाला आणि पुढच्या वर्षी त्याच नमुन्यावर पुन्हा बांधला गेला. म्हणजे तू पाहशील ते एकोणिसाव्या शतकातले लाकूड आणि त्याहून कितीतरी जुनी आठवण. जो गाइड हे प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्यावर बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवावा.

गाइड निवडण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परदेशी भाषेत पैसे घेऊन मार्गदर्शन करण्यास सरकारी परीक्षा आणि परवाना आवश्यक होता. जानेवारी २०१८ पासून ती अट उठली आणि आता कोणीही हे काम करू शकतो, फक्त परवानाधारकाची पदवी इतरांना लावता येत नाही. परवाना नसलेले सगळेच कच्चे, असे मी म्हणणार नाही. पण परवाना आहे का, हे विचार आणि शिवाय पत्राने एक प्रश्न कर : निजो किल्ला १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, मग राजवाडा आणि कात्सुरा का नाहीत? जाणकार गाइड सांगेल की, सम्राटांच्या गृहविभागाकडील (राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याकडील) वास्तूंना सांस्कृतिक वारशाच्या नेहमीच्या कायद्याखाली सहसा घेतलेले नसते आणि यादी त्या कायद्याखालील वास्तूंतून तयार झाली. जो उत्तराऐवजी दिवसाला दहा ठिकाणांचे वेळापत्रक पाठवेल, त्याला नम्रपणे नकार दे. किती तास, गाइडचा प्रवासखर्च व जेवण कोणाकडे, पाऊस आला तर काय, हे आधी लेखी ठरव. बक्षिशी देण्याची तेथे रीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाइड घेऊ नकोस, एकटाच कात्सुराला जा. तेथे गृहविभागाची परवानगी लागते, ठरलेल्या वेळी छोट्या गटाला विभागाचाच कर्मचारी फिरवतो, आणि तुझ्या खासगी गाइडला तेथे वेगळे बोलत राहण्याची मोकळीक नसते. त्यामुळे त्याचे पैसे वाया घालवण्यापेक्षा आदल्या दिवशी चहा पिताना त्याच्याकडून कात्सुराचा नकाशा समजून घे. हे उपवन राजपुत्र तोशिहितो यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी सुरू केले आणि त्यांचे पुत्र तोशितादा यांनी पूर्णत्वास नेले. तोशिहितो यांना तोकुगावांच्या आधी जपानवर सत्ता गाजवणाऱ्या हिदेयोशी यांनी वारस म्हणून दत्तक घेतले होते; स्वतःचा मुलगा झाल्यावर ते दत्तकविधान सुटले. सत्तेच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या त्या माणसाने पुढे नदीकाठी हे उपवन वसवले. जर्मन वास्तुकार ब्रुनो टाउट यांनी १९३३ मध्ये ते पाहिले आणि शोगुनांच्या निक्को येथील नटव्या समाधिस्थानाच्या विरुद्ध टोकाला त्याला नेऊन बसवले. तेव्हापासून जगभरचे वास्तुकार तेथे येतात.

पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान तू पाहिले असशीलच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे आणि कोराकुएन ही एका सरदाराची बाग, मोकळ्या हिरवळीची, लांबवर नजर पोहोचेल अशी. कात्सुरात ती अपेक्षा ठेवू नकोस. सुरुवातीलाच एका टोकावर लहानसे पाइनचे झाड तळ्याच्या दृश्याच्या बरोबर आड लावलेले आहे. पुढे दगडांवर पाय जपून ठेवावा लागत असल्याने मान खाली राहते. जेथे दगड रुंद होतो तेथे आपोआप थांबणे होते, मान वर जाते आणि समोर तळ्याचा एक नवा कोपरा उघडतो. शोकिन्तेइ चहागृहातील निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा कागद आणि जुन्या प्रासादापुढील चंद्रदर्शनाचा बांबूचा ओटा चुकवू नकोस. फेरी संपल्यावर बाहेरून नदीच्या बाजूने चाल. तेथील कुंपण जिवंत बांबू वाकवून विणलेले आहे. शुगाकुइनची चढउतार लांब आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा, म्हणून ते पुढच्या खेपेला.

कात्सुराचा अर्ज गृहविभागाच्या संकेतस्थळावरून काही महिने आधी करता येतो. नाव पासपोर्टवर आहे तसेच भर आणि त्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेव. आगाऊ जागा नसेल तरी त्याच दिवसासाठी काही जागा राखलेल्या असतात. तारीख पक्की झाली की गाइडचा दिवस तिच्या आदल्या दिवशी ठरव, तो सोमवार नाही हे पाहून घे, आणि त्याचे उत्तर आले की मला पाठव. त्याने सुचवलेली वाट कशी आहे, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा शुभचिंतक