दगड आणि हाडं पाहून माया लोकांबद्दल एवढं ठामपणे कसं सांगता येतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची मोठी शहरं ओस पडून हजार वर्षं झाली, तरी पुरातत्त्वज्ञ त्यांच्या राजांची नावं, लढाया, जेवणखाण सगळं सांगतात. यातलं निम्मं कल्पनाच नाही का?

एके काळी निम्म्याहून जास्त कल्पनाच होती, हे आधी मान्य करते. मी पुरातत्त्व शिकले आहे. माया प्रदेशात कधी खणलेलं नाही, पण आपल्याकडच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खापरं धुण्यापासून थर मोजण्यापर्यंतची कामं केली आहेत. त्यामुळे मातीतून माणूस कसा उभा करतात, आणि तो कुठे चुकतो, हे थोडंफार जवळून पाहिलंय.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माया म्हणजे आकाश न्याहाळणारे शांत पुरोहित, असं चित्र होतं. लिपीतल्या तारखा वाचता येत होत्या, बाकीचा मजकूर नाही. म्हणून सगळ्या कोरीव कामात पंचांगच दिसायचं. 1946 मध्ये मेक्सिकोतल्या बोनामपाकची भित्तिचित्रं बाहेरच्या जगाला कळली, त्यांत लढाई आणि रक्ताळलेले कैदी होते. 1960 मध्ये अभ्यासक तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी ग्वातेमालातल्या पिएद्रास नेग्रास इथल्या शिलास्तंभांवरच्या तारखा गटागटाने मांडल्या. एका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात बसतील एवढ्याच होत्या, म्हणजे त्या राजांचा जन्म आणि राज्यारोहण सांगत होत्या. पायघोळ वस्त्रातल्या ज्या आकृतींना पुरोहित मानलं जायचं, त्या राजघराण्यातल्या स्त्रिया निघाल्या.

पण मला सगळ्यात पटणारं उदाहरण होंडुरासमधल्या कोपानचं आहे. तिथे एक चौकोनी दगडी वेदी आहे, अभ्यासक तिला ‘क्यू’ म्हणतात. चारही बाजूंना चार-चार माणसं बसलेली कोरली आहेत. बराच काळ असं मानलं गेलं की ही खगोलशास्त्रज्ञांची सभा आहे, पंचांग दुरुस्त करायला जमलेली! लिपी उलगडल्यावर कळलं की हे कोपानचे 16 राजे आहेत. सोळावा, याश पासाह, याने ही वेदी 776 मध्ये बसवली, आणि तिच्यावर घराण्याचा संस्थापक, किनिच याश कुक मो, त्याच्या हाती दंड देतो आहे. संस्थापकाच्या डोळ्यांभोवती गोल कडी आहेत आणि उजव्या हातावर लहान ढाल.

आता कोणी म्हणेल, राजाने आपल्या पूर्वजांबद्दल काहीही कोरून घेतलं असेल. रास्त शंका आहे. वेदीशेजारच्या खड्ड्यात जग्वारसारख्या 15 मोठ्या मार्जारांची हाडं मिळाली, बहुधा प्रत्येक पूर्वजासाठी एक बळी. मग वेदीमागच्या मंदिराखाली पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट शेरर यांच्या गटाने बोगदे खणले. माया लोक जुनी इमारत पुरून तिच्यावर नवी बांधत, त्यामुळे आत शिरलं की काळात मागे जाता येतं. अगदी तळाशी, पाचव्या शतकातल्या एका छोट्या वास्तूत, म्हाताऱ्या पुरुषाची कबर सापडली. दातांत जेड हा हिरवा दगड बसवलेला, आणि उजवा हात कोपराखाली मोडून वेडावाकडा जुळलेला. ढाल धरलेला तोच हात! दातांमधलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य तपासलं. लहानपणी जे अन्नपाणी पोटात जातं, त्या भागातल्या खडकांची खूण दातांच्या एनॅमलमध्ये राहते. हा माणूस कोपानचा नव्हताच. तो उत्तरेकडच्या सखल प्रदेशात वाढला होता. संस्थापक बाहेरून आला हे कोरीव लेखही सांगतात. लेख वाचणारे, बोगदा खणणारे आणि दात तपासणारे वेगवेगळ्या वाटांनी एकाच माणसापाशी पोचले. ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

राजे सोडून साध्या माणसांचं काय? त्यासाठी एल साल्वाडोरमधलं होया दे सेरेन बघा. सातव्या शतकाच्या आसपास जवळच्या ज्वालामुखीच्या राखेखाली हे खेडं गाडलं गेलं, आणि 1976 मध्ये बुलडोझरच्या पात्याखाली एक घर आलं. ते इतकं शाबूत होतं की आधी अलीकडचंच वाटलं. पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी गवताच्या छपराचं कार्बन-14 मापन करून घेतल्यावर खरं वय कळलं. जेवलेली भांडी न धुताच राहिली होती, त्यावरून स्फोट संध्याकाळी जेवणानंतर झाला असावा, असं म्हणतात. मक्याची वाढ पाहून ऋतूही ठरवला, पावसाळ्यातला ऑगस्ट. ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतल्या काचेची) धारदार पाती लेकरांच्या हाती लागू नयेत अशी छपराच्या गवतात खोचलेली. झाडं कुजून राखेत पोकळ्या राहिल्या, त्यांत प्लास्टर ओतून शेतातली पिकंसुद्धा परत मिळवली. घरांत माणसांची प्रेतं सापडली नाहीत; ते पळून वाचले असावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नावावरून काहीजण मयासुराशी नातं जोडतात. भारताशी जोडणारा लेख किंवा वस्तू माया प्रदेशातल्या कुठल्याही थरात मिळालेली नाही. आणि त्या लोकांना ‘लुप्त’ही म्हणू नका, कृपा करून. आजही ग्वातेमाला आणि मेक्सिकोत लाखो लोक माया भाषा बोलतात. 1952 मध्ये सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यांनी लिपीची चावी शोधली तीही या भाषांतल्या शब्दांच्या आधारे: टर्कीच्या चित्राशेजारची दोन अक्षरं ‘कु-त्सु’ अशी वाचली की युकातेक भाषेतला टर्कीचा शब्द ‘कुत्स’ निघतो.

कल्पनेला अजूनही जागा आहे, ती कुठे हे ओळखता आलं पाहिजे. ग्वातेमालाच्या जंगलावर विमानातून लेझर फिरवून केलेल्या लायडार पाहणीत 61,480 बांधकामं मोजली गेली. 2018 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ही मोजणी झाली. त्यावरून काढलेली माया लोकांच्या मध्य सखल प्रदेशाची 70 लाख ते 1 कोटी 10 लाखांची लोकसंख्या मात्र एका घरात किती माणसं राहत, एका वेळी किती घरं वापरात होती, अशा गृहीतकांवर उभी आहे. ती पुढे बदलली तर मला नवल वाटणार नाही. कोपानच्या त्या 16 जणांचे पुन्हा खगोलशास्त्रज्ञ होतील, असं मात्र मला वाटत नाही.