उपयुक्त शोधासाठी बक्षीस ठेवायचे तर कसे?

प्रश्न : आमचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही भावंडे दरवर्षी ‘सर्वोत्कृष्ट उपयुक्त संशोधना’ला ५० हजार रुपयांचे बक्षीस देऊ इच्छितो. नियम कसे करावेत, याबद्दल मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपल्या संकल्पाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. एक बदल मात्र आग्रहाने सुचवतो. ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द कागदावर भारदस्त वाटतो, पण पंप, चूल आणि कुबडी एकाच टेबलावर आल्या, तर परीक्षकांनी त्यांची तुलना कशाच्या आधारे करायची? झालेल्या कामाचा गौरव करणारे पुरस्कार आपल्याकडे आहेत आणि त्यांचे मोल मोठेच आहे. परंतु आपल्या पैशातून एखादे नवे अवजार घडावे अशी इच्छा असेल, तर आधी अडचण जाहीर करावी आणि ती सोडवणाऱ्याला बक्षीस द्यावे.

ही पद्धत जुनी आहे. भर समुद्रात जहाजाचे रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगू शकणाऱ्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ साली २० हजार पौंडांचे बक्षीस ठेवले. निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर अचूक कळत राहिली, तर तिथल्या आणि समुद्रावरच्या वेळेच्या फरकावरून रेखांश काढता येतात. म्हणून मूळचे सुतार असलेल्या जॉन हॅरिसन यांनी त्यापायी घड्याळे घडवण्यात हयात घालवली. १७६१-६२ च्या जमैका सफरीत त्यांचे चौथे घड्याळ, रोजची ठरावीक चूक वजा जाता, अवघे पाचेक सेकंद मागे पडले. तरीही परीक्षक मंडळ नव्या अटी घालत राहिले. या मंडळात चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्तेही होते. अखेर १७७३ मध्ये संसदेनेच त्यांना स्वतंत्रपणे रक्कम दिली, तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे झाले होते. एका कारागिराची अशी परवड पुन्हा होऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून कसोटी आधी लिहून ठेवावी, नंतर तिला हात लावू नये, आणि दुसऱ्या एखाद्या उपायात ज्याचा हितसंबंध गुंतला आहे, अशा व्यक्तीला परीक्षक नेमू नये.

निव्वळ माणसाच्या बळावर उडणाऱ्या विमानासाठी उद्योजक हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये ठेवलेले बक्षीस पॉल मॅक्रेडी यांच्या चमूने १९७७ मध्ये जिंकले. मधल्या काळात विजेता मिळाला नाही म्हणून ते गुंडाळले गेले नाही, उलट रक्कम वाढवली गेली. आपणही एखाद्या वर्षी कोणी कसोटीला उतरले नाही, तर बक्षीस कोणाच्या तरी हाती न देता पुढच्या वर्षाच्या रकमेत मिळवावे.

आता अडचण कोणती निवडावी? जुन्नर-आंबेगावकडे कांदा काढल्यावर त्याची पात आणि मुळे कापण्यासाठी बायका दिवसदिवस उकिडव्या बसतात. कांद्याची मान, म्हणजे पातीचा कांद्यालगतचा भाग, दोन-अडीच सेंटिमीटर राखावी लागते, कारण ती फार आखूड कापली गेली की कांदा साठवणुकीच्या चाळीत लवकर सडतो. हे काम उभ्याने करता येईल असे, विजेविना चालणारे आणि गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येईल असे साधन मागवता येईल. तासाला किती किलो कांदा निघतो, त्यातल्या किती कांद्यांची मान नीट राहते आणि वापरणारीची पाठ काय म्हणते, हे शेतावरच तपासावे. परीक्षकांत हे काम रोज करणारी एक तरी बाई असलीच पाहिजे. प्राध्यापक आणि कारखानदार तिच्यानंतर.

बक्षीस काम झाल्यावर मिळते, आणि पत्रा, बेअरिंग, लेथवरचे काम यांचा खर्च मात्र आधी करावा लागतो. त्यामुळे ज्याच्या गाठीशी पैसा नाही, तो हुशार कारागीर बाहेरच राहतो. यासाठी २० हजार रुपये चार निवडक आराखड्यांना नमुना बनवण्यासाठी वाटावेत आणि उरलेले ३० हजार शेतावरच्या चाचणीनंतर द्यावेत.

हक्क शोधकर्त्याकडेच राहतील, असे नियमांत स्पष्ट लिहावे. साधन आधीच जाहीर झाले, तर पुढे पेटंट मिळण्यात अडचण येऊ शकते. म्हणून आराखडे गोपनीय ठेवावेत आणि शेतावरच्या उघड चाचणीपूर्वी स्पर्धकांना पेटंट कार्यालयात तात्पुरते विवरणपत्र (शोधाचे प्राथमिक वर्णन) दाखल करण्यास सांगावे. संपूर्ण विवरणपत्रासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.