आधी कंटेनरच्या आत काय चालवायचंय ते ठरव
कंटेनर म्हणजे एकाच मशीनवर (होस्टवर) ॲप वेगळं चालवायची बंदिस्त जागा. ती बनवायला डॉकर घ्यायचं की एलएक्ससी, हा प्रश्न नंतरचा. एकच ॲप असेल, नवी इमेज (ॲपचं तयार पॅकेज) आणून पुन्हा उभं करायचं असेल, तर डॉकर घे. एसएसएच (दुरून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारं), दोन-तीन सर्व्हिसेस असं अख्खं मशीन हवं असेल तर एलएक्ससीच बरं. डॉकरमध्ये ते सगळं कोंबलंस की लॉग शोधताना जीव जातो. ओपनव्हीझेड हा तिसरा पर्याय, पण त्यासाठी होस्टवरच त्याचा वेगळा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसवावा लागतो, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

कंटेनर कुठलाही असो, कर्नल होस्टचाच. आत ‘यूनेम -आर’ चालवून बघ, होस्टचंच व्हर्जन दिसेल. म्हणजे आतला रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) बाहेर निसटला तर होस्टही धोक्यात. म्हणून एलएक्ससी कंटेनर अनप्रिव्हिलेज्डच (होस्टवर खास अधिकार नसलेला) ठेव. मग आतला रूट होस्टवर १००००० अशा आयडीचा साधा यूजर असतो. अनोळखी माणसाला रूट द्यायचाय? मग सरळ केव्हीएम, म्हणजे स्वतःचा कर्नल असलेलं पूर्ण व्हर्च्युअल मशीन.