गाण्याची आवड असूनही गोंगाट का सहन होत नाही?

तुम्ही विचारलंय, भजनात तासन् तास रमणाऱ्या माणसाला लग्नातल्या डीजेचा एवढा त्रास का व्हावा. यात विरोध काहीच नाही. आमचे आबाजी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. दहा जणांच्या गजरातही कोणाच्या खंजिरीची चकती सैल झालीय, ते त्यांना बरोबर कळायचं. आणि घरात ताट आपटलं की तेच दचकून उठायचे.

गोंगाट सहन न होणं म्हणजे जास्त ऐकू येणं नव्हे. कानाची तपासणी अशांची बहुधा नॉर्मलच निघते. फरक मेंदूत असतो. सारखा चालणारा कूलर, पिठाची चक्की हे आवाज बहुतेकांचा मेंदू आपोआप मागे टाकतो. काहींना ते जमत नाही, प्रत्येक आवाजाकडे लक्ष जातंच.

शिवाय भजन आपण आपल्या मर्जीनं ऐकतो, डीजे आपल्यावर लादला जातो. मोठा फरक तिथंच पडतो.

म्हणून घरच्यांनी अशा माणसाला ‘नखरे करतो’ म्हणू नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला तर ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनीच बंदी आहे, सवलतीचे मोजके दिवस सोडून.