बायकोला सरप्राइज द्यायला सेकंडहँड क्रूझर बघतोय. थंडरबर्ड 350 घेऊ की अ‍ॅव्हेंजर 220?

तुम्ही निपाणीचे, बायको अ‍ॅक्टिव्हा चालवते, तिला क्रूझरची हौस आहे, कोल्हापूरला एक थंडरबर्ड बघून ठेवलीय आणि वाढदिवसाला न सांगता ती दारात उभी करायची आहे. प्रश्नात बजेट दिलंय, मॉडेल दिलंय, रनिंग दिलंय. बायकोची उंची किती, घरासमोर चढ आहे की उतार, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले.

न सांगता घेऊ नका. थंडरबर्ड नको, अ‍ॅव्हेंजर नको, काहीच नको.

मी खानापूरची, नोकरी बेळगावात एका पतसंस्थेत. वडिलांची स्प्लेंडर लग्नाआधीपासून चालवत होते, त्यामुळे गिअरचं मला कुणी शिकवायला नको होतं. क्रूझर हवी असं मीच एकदा जेवताना बोलले. पुढच्या रविवारी आमचे हे आणि धाकटे भावजी कोल्हापूरला गेले, बाजारात बैलाचे दात बघावेत तशी गाडी बघितली आणि संध्याकाळी थंडरबर्ड घेऊन आले. चालवणार मी, पण मला गाडीत घालून न्यावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. वर भावजी म्हणतात, "वहिनी, एकदा बसून तर बघा की, उतरायचं नाव घेणार नाहीसा."

बसले. पाय टेकले. सीटची उंची 775 मिलिमीटर, म्हणजे माझ्यासारख्या बुटक्या बाईलाही जमण्यासारखी. सगळे तेवढंच सांगतात, सीटची उंची बघा, पाय टेकतात का बघा. अहो, पाय टेकणं वेगळं आणि टाचा रोवून 190 किलोच्या वरचं धूड मागे रेटणं वेगळं! आमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे. गाडी तोंड आत करून लावली की काढताना मागे, चढावर ढकलावी लागते. त्यात थंडरबर्डची टाकी 20 लिटरची. भरली की नुसत्या पेट्रोलचंच पंधराएक किलो वजन, तेही वरच्या अंगाला. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. जून ते सप्टेंबर अंगणात शेवाळ, चप्पल घसरते तिथं गाडी कुठली हटते? रोज सकाळी "अहो, तेवढी गाडी काढून द्या" म्हणायचं आणि मग हेल्मेट घालून ऐटीत निघायचं. तोंड वळवून लाव म्हणाल, तर तेही करून झालं. फाटक अरुंद, आत वळवायला जागा नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तर दोन्ही बाजूंनी स्कुटी लागलेल्या असायच्या आणि तिथं हे नव्हते.

"सवय होईल," असं भावजी म्हणत राहिले. बेळगावच्या कॅम्पात बदली झालेले जवान गाड्या विकत असतात. तिथं एकाची अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझ मिळाली. मी एकटी गेले. आधी चालवली नाहीच, स्टँड काढून मागे ढकलत त्यांच्या फाटकापर्यंत नेली, मग पुढे आणली. ते गृहस्थ बघतच राहिले. सीट 737 मिलिमीटर, वजन मॉडेलच्या वर्षानुसार 160 किलोच्या आसपास. तीसेक किलोचा हा फरक कागदावर काही वाटत नाही, चढावर कळतो.

थंडरबर्ड शेवटी भावजींनीच घेतली, आणि त्यांच्या सहा फुटी देहाला ती शोभतेही. पण "बुलेट सोडून वहिनींनी बजाज घेतली" हे आमच्याकडे दर गणपतीला पाहुण्यांसमोर निघतं. त्यात एकदा आम्ही सगळे चोर्ला घाटातून गोव्याला गेलो, कणकुंबीच्या पुढे मी मागे पडले, मग तर त्यांना साक्षीपुरावाच मिळाला.

असो. तुमच्या गाडीकडे येते.

थंडरबर्ड बुलेटच्याच कंपनीने, रॉयल एनफील्डने, 2020 मध्ये बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मिटिऑर 350 आणली. मिटिऑरची सीट 765 ची, इंजिन गुळगुळीत, पण वजन 191 किलो, म्हणजे ढकलायच्या बाबतीत जिथल्या तिथेच. अ‍ॅव्हेंजर हलकी असली तरी लांब आहे. दोन चाकांमधलं अंतर 1490 मिलिमीटर, मिटिऑरचं 1400. शहापूरच्या गल्लीबोळात यू टर्न घेताना एका दमात वळत नाही, पाय टाकून मागे घ्यावीच लागते. पुन्हा वजन! 220 ला किक नाही, बॅटरी बसली की तुम्ही बसलात. क्रूझ मॉडेलला तारांची चाकं आणि ट्यूब, त्यामुळे पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात पायांवर भार देऊन उठता येत नाही, दणका थेट कमरेत जातो. जांबोटी रस्त्यावर हे मी भोगते, तरी गाडी आवडते.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की चालू करू नका. इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर मालकाने तुमच्या येण्याआधी काहीतरी लपवलंय असं समजून घरी या. मिस्त्रीला शंभरदा विचारा की हाफ इंजिन झालंय का, म्हणजे इंजिनाचा वरचा अर्धा भाग खोलून दुरुस्त केलाय का. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, सीलमधून तेल गळतं का आणि हँडल सरळ करताना मध्येच अडकतं का, एवढं तुम्हालाही कळेल. गोव्याच्या नंबरची स्वस्त मिळाली तर सायलेन्सरच्या खालून आणि तारांवर गंज बघा. समुद्राची हवा वरून पॉलिशने झाकता येते, खालून नाही.

कोल्हापूरची, एमएच 09 ची गाडी चिक्कोडी आरटीओच्या, केए 23 च्या हद्दीत आणताय, तर कोल्हापूर आरटीओची एनओसी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडीवर कर्ज असेल तर आधी आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्रात भरलेला टॅक्स इकडे आपोआप वळता होत नाही. कर्नाटकात गाडीच्या वयाप्रमाणे वेगळा भरायचा, तिकडचा परतावा अर्ज करून मागायचा. ही रक्कम धरून बघा, कोल्हापूरची स्वस्त गाडी तेवढी स्वस्त राहत नाही. चिक्कोडी पासिंगची मिळाली तर दोन पैसे जास्त द्या, डोक्याला ताप नाही.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. बायको अ‍ॅक्टिव्हा चालवते म्हणालात ना, तिचं लायसन्स बघा. बिनगिअरचं असेल तर क्रूझर दारात उभी राहील आणि ती खिडकीत. आधी गिअरचं लायसन्स काढू द्या.

तुमची बायको उंच असेल, अंगण सपाट असेल, तर मी वर म्हणाले त्यातलं निम्मं सोडून द्या आणि थंडरबर्ड घ्या, गाडी वाईट नाही. फक्त तिला कोल्हापूरला सोबत न्या, ढकलू तिला द्या, आणि ती ढकलत असताना मध्ये हात लावू नका. पटली नाही म्हणाली तर तिथं का म्हणून विचारायचं नाही, चहा पिऊन परत यायचं.

भावजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. चोर्ल्यात मी पुढच्या बसमुळे मागे राहिले होते, आणि ती बस तुम्ही वळणावर ओव्हरटेक केली होती हे मी अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही.