गव्हाणीपाशी उभं राहून बोलताना

मिरज,
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळच्या सकाळच्या उपासनेत शास्त्रवाचन आणि दहा मिनिटांचा संदेश पाळकसाहेबांनी तुझ्याकडे दिला, हे ऐकून फार बरं वाटलं. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार आठवडे हातात आहेत. तयारी वाचनापासून सुरू कर, संदेश नंतर.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, वचनं 1 ते 20. सावकाश वाचलं तर चार मिनिटं लागतात. पहिल्या दोनच वचनांत कैसर औगुस्त, सूरिया, क्विरीनिय अशी नावं येतात. वाचणारा तिथं अडखळतो, गोंधळतो आणि मग उरलेला उतारा पळवतो. म्हणून ही नावं आठवडाभर रोज मोठ्याने म्हण. लूकने ती उगाच लिहिलेली नाहीत. रोममधल्या बादशहाने नावनिशीचा, म्हणजे शिरगणतीचा, हुकूम काढला आणि दिवस भरत आलेली एक बाई नासरेथहून बेथलेहेमला निघाली. हे अंतर सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे साधारण साताऱ्याहून पुण्याला जावं तेवढं. सरकारी कागदासाठी गरिबाला किती पायपीट करावी लागते, हे ऐकणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. सातवं वचन संपलं की थांब. तीन श्वास जाऊ देत, मगच मेंढपाळांकडे वळ.

गव्हाण हा शब्द आपल्या भागात दोनदा जिवंत आहे. गोठ्यातली गव्हाण आहेच, पण मुलांना जास्त ठाऊक आहे ती साखर कारखान्याची, जिच्यात मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो. त्यामुळे रविवार शाळेच्या मुलांना आधी सांग, की ही जनावरांची वैरण टाकायची जागा. तिथं दुर्गंधी असते, माश्या असतात, लाळ लागलेलं चिपाड असतं. देखाव्यातली गव्हाण आपण चमकीच्या कागदाने इतकी सजवतो, की उतारशाळेत जागा नव्हती हे वाक्यच खोटं वाटू लागतं. यंदा चमकी नको. साधं लाकूड, थोडा कडबा आणि जुन्या लुगड्याचं बाळंतं पुरे. कडब्यापासून मेणबत्ती चार हात लांब ठेव, दिव्यांची माळही कडब्यात खुपसू नकोस, कारण वाळला कडबा एका ठिणगीने पेटतो. शेजारी वाळूची बादली असू दे.

मेंढपाळांसाठी तर तुला दूर जायलाच नको. पावसाळा सरला की माणदेशातले, जत-आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडतात. रात्री कुणाच्या तरी शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवतात आणि थंडीत राखण करतात. लूक जे रान सांगतो, ते हेच. देवदूताने त्यांना दिलेली खूण नीट बघ: बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत निजलेलं बालक. ही खूण राजवाड्यातल्या माणसाला उपयोगी पडली नसती. गव्हाण कुठं असते हे मेंढपाळालाच विचारावं! शुभवर्तमान पहिल्यांदा ज्यांच्या कानावर गेलं, त्यांना ते शोधण्यासाठी अनोळखी दारं ठोठवावी लागली नाहीत.

नाटिकेत हमखास होणारी एक चूक सांगतो. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मेंढपाळांच्या शेजारी, त्याच रात्री, गोठ्यात उभे केले जातात. मत्तय आपल्या शुभवर्तमानात म्हणतो, ते घरात आले. किती जण होते हे तो सांगत नाही. सुवर्ण, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत, म्हणून आपण तिघं धरतो. हेरोद राजाने दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगितली, त्यावरून मधे बराच काळ गेला असावा. मागी लोकांना दुसऱ्या प्रवेशात आण, एवढं केलं तरी पुरे. कुणी 25 डिसेंबर ही तारीख शास्त्रात कुठं आहे असं विचारलं तर सरळ सांग, की नाही. रोममधल्या 354 सालच्या एका नोंदीत ती सापडते. मंडळीने हा दिवस नेमला तो जन्माच्या आनंदासाठी. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातली 16 ते 18 ही वचनं नाताळला कुणी वाचत नाही. सणाच्या दिवशी बेथलेहेमच्या लेकरांचा वध नको वाटतो. माझं म्हणणं आहे, संदेशात ती वाच. जेरुसलेम ते बेथलेहेम अवघे नऊ किलोमीटर, आपलं सांगली-मिरजेएवढं. इतक्या जवळ हेरोद बसला होता आणि तिथंच देवाने आपला पुत्र एका बाईच्या कुशीत दिला. इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन घेत नाही, असं मत्तय लिहितो. ते रडणं तो झाकत नाही, घाईने पुसतही नाही. यंदा ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ते तुझ्यासमोर मागच्या बाकावर बसलेले असतील. चर्च झगमगलेलं असताना आपलं दुःख कुठं ठेवावं हे त्यांना कळत नसतं. शास्त्रातच त्यांच्यासाठी जागा आहे, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे.

योहान म्हणतो, शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तंबू ठोकला असा आहे. आपल्या मराठीत सांगायचं तर, त्याने आमच्यात पाल टाकलं. या दिवसांत ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाच्या कडेला कोप्या करून राहतात, पाचटावर लेकरू निजवून आई कोयता घेते. वस्ती म्हणजे काय हे समजावायला याहून जवळचं चित्र नाही. ख्रिस्ती आशा इथून सुरू होते: देव लांबून निरोप पाठवून थांबला नाही, तो राहायला आला. मत्तयाचं शुभवर्तमान इम्मानुएल, आम्हांबरोबर देव, या नावाने उघडतं आणि मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे या वचनाने मिटतं. मधे वधस्तंभ आहे आणि उघडी कबर आहे. ही दोन नावं घेतल्याशिवाय नाताळचा संदेश पुरा होत नाही, मग वेळ कमी का पडेना.

म्हणूनच ‘पुढच्या वर्षी तुमची सगळी संकटं जातील’ असं वाक्य कधी बोलू नकोस. तसं वचन देवाने दिलेलं नाही. फेब्रुवारीत रिपोर्ट वाईट आला की ऐकणारा तुझ्यावर नाही, देवावर रुसतो. पौल रोमकरांस लिहितो, की जे दिसतं त्याची आशा कोण धरतो? आगमनकाळात आपण मागे पाहतो तसंच पुढंही पाहतो, प्रभू पुन्हा येईल म्हणून. डोळे पुसले जाणार आहेत; पण आज ते ओले आहेत, हे म्हणायला भिऊ नकोस.

आगमनाच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली आशेची. ती चारही रविवारी पेटते म्हणून सर्वात आधी संपते. प्रत्येक वेळी वाचन आणि प्रार्थनेपुरतीच, वीसेक मिनिटं पेटव, पंखे बंद कर, आणि चारही मेणबत्त्या एका जाडीच्या घे. नाहीतर चौथ्या रविवारी नेमकी आशेचीच ज्योत विझलेली दिसते.

भाषेबद्दल एवढंच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, ख्रिस्ताला अभंगात गायलं. आजी घरी जसं बोलते तसं बोल. हजार शब्दांच्या पुढं लिहू नकोस, दहा मिनिटांत तेवढेच बसतात.

24 तारखेच्या आत शोकाच्या घरांना भेट देऊन ये. दोघांनी जा, पंधरा मिनिटं बस, गेलेल्याचं नाव घे, एक स्तोत्र वाच, फोटो काढू नकोस. ‘देवाची इच्छा’ हे शब्द तुझ्या तोंडून नकोत. तेच म्हणाले तर ऐकून घे. आणि मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 साली इथंच सुरू झालं. नाताळच्या रात्रीही रुग्णांचे नातेवाईक कुठंतरी व्हरांड्यात चादर टाकून झोपलेले असतात. तरुण संघाला घेऊन जायचं तर आधी परवानगी काढ, गाणी हळू आवाजात आणि दोनच म्हणा, केकऐवजी गरम चहा न्या.

मसुदा दुसऱ्या रविवारपर्यंत पाठव. मत्तयाची ती तीन वचनं त्यात असली पाहिजेत.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
दादा